आपल्या घरातलं एकच मत

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
रविवार, १० सप्टेंबर २०२३
सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं

ती. नीलूआत्यास,
ईशानचा वाकून नमस्कार.

वर लिहिलेल्या वेळी मी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लहान गटासाठी ‘ळ’ची अक्षरं कार्डशीटमधून कापत होतो. मुलं ‘ळ’ला घाबरतात. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देतात, आणि दोन्हीकडून शिकवल्याचं समाधान मानलं जातं. पगार नाही, कारण माझ्या व्हिसावर पगार घेता येत नाही. पण कॉलेज अर्धवट सोडल्यापासून आठवड्यातले हे दोन तासच असे आहेत की माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं.

तुझं मतपत्र या महिन्याच्या शेवटी येणार असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बाबांनी जेवताना हिशेब मांडला. त्यांचं नागपूरच्या मतदार यादीतलं नाव केव्हाच गेलं. इथे दहा वर्षं कर भरतात, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, त्यामुळे मत नाही. आईचं तसंच, माझं तसंच. आन्या इथे जन्मली म्हणून अमेरिकन, पण ती नऊ वर्षांची. म्हणजे तुला स्विस नागरिकत्व मिळाल्यावर आपल्या अख्ख्या घरात मत आहे ते फक्त तुला. बाबांनी निरोप द्यायला सांगितला आहे की आबा म्हणायचे तसं कर, पक्ष बघू नकोस, माणूस बघ. आईचा निरोप असा की मत टाकायला जाशील तेव्हा ती हिरवी साडी नेस, काळ्या कोटाखाली का होईना.

आता माझी काळजी. १२ मार्चला मला एकवीस वर्षं पूर्ण होतील, म्हणजे बाबांच्या व्हिसावर मी मूल म्हणून राहू शकणार नाही. तू म्हणालीस की तुझ्याकडे ये, वर्षभर जर्मन शीक, मग पुढचं बघू. मी त्यावरच दिवस ढकलतो आहे. म्हणून तुमच्याकडच्या बातम्या वाचतो, आणि त्यात त्या पीपल्स पार्टीचंच नाव सगळीकडे दिसतं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तो शेतकऱ्यांचा लहानसा पक्ष होता म्हणे, आणि आता देशातला सगळ्यांत मोठा आहे. त्यांचं एक जुनं पोस्टर पाहिलं. पांढऱ्या मेंढ्या काळ्या मेंढीला लाथ मारून झेंड्याबाहेर काढतात. परदेशी माणसं फार झाली, असं त्यांचं म्हणणं. ते या वेळी आणखी वाढतील असं सगळे लिहितात. तुला गावात राहून काय वाटतं ते लिही. फोनवर सगळे ऐकत असतात, म्हणून पत्रात विचारतो.

पत्र उशिरा आलं तरी चालेल, लोभ मात्र वेळेवर पोचू दे.

तुझा,
ईशान

•

४ ऑक्टोबर २०२३

चि. ईशानला,
आत्याचे भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. समास पट्टीने आखला होतास, हो ना? केदार असता तर म्हणाला असता की हा मुलगा प्रेमपत्रसुद्धा आखून लिहील. तुझा काका जाऊन चार वर्षं झाली, पण त्याची अशी वाक्यं मला अजून सुचतात.

आधी मताचं सांगते. जाडजूड पाकीट आलं. प्रत्येक पक्षाचा वेगळा कागद, त्यावर उमेदवारांची छापील नावं. आमच्या कँटनला, म्हणजे प्रांताला, संसदेत सहा जागा, म्हणून सहा ओळी. गंमत अशी की आपल्याला नको ते नाव खोडता येतं, आणि हवं ते दोनदा लिहिता येतं. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड दुसऱ्यांदा मागता येतं तसं.

तुला वाल्टर आठवतो का? समोरच्या गोठ्याचा मालक, ज्याचं दूध मी घेते. केदारच्या छातीत कळ आली त्या रात्री बर्फामुळे रुग्णवाहिका चढावर अडकली होती, तेव्हा हाच ट्रॅक्टर घेऊन आला. माझ्या नागरिकत्वाच्या वेळी गावातून कुणीतरी माझ्याबद्दल दोन शब्द सांगायचे होते. यानेच सांगितले, की ही बाई रविवारच्या शांततेत बाटल्या फेकत नाही, गवत कापायचं यंत्र लावत नाही, आणि भेटेल त्याला नमस्कार करते. आमच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. तो या वेळी उभा आहे. आता घाबरू नकोस, तो तुझ्या त्या पीपल्स पार्टीचाच आहे. इथे निम्मे शेतकरी त्याच पक्षाचे, बापजाद्यांपासून.

मी राजूचा, तुझ्या बाबांचा, निरोप मनावर घेतला. पक्षाकडे बघितलंच नाही. त्या पक्षाचा कागद घेतला, बाकीची पाचही नावं खोडली आणि वाल्टरचं नाव आणखी एकदा लिहिलं. उरलेल्या चार ओळी कोऱ्या ठेवल्या. म्हणजे उपकार फिटले माणसाचे, आणि पक्षाला काही मिळालं नाही. बघ, तुझी आत्या अगदीच भोळी नाही. पाकीट रात्रभर केदारच्या फोटोपुढे ठेवलं आणि सकाळी टपालाच्या पिवळ्या पेटीत टाकलं. तुझ्या आईला सांग, हिरवीच नेसले होते. कोट काळा नव्हता, तपकिरी होता.

आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात सध्या भोपळ्याचे दिवस आहेत. आजोबा-आजींना मी परवा सूपमध्ये जिरं घातलं, कुणी तक्रार केली नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे. जास्त वाचू नकोस, जेवत जा.

तिकडच्या सगळ्यांना माया सांग, आणि तुझ्या वाटणीची तुझ्याकडेच ठेव.

तुझी,
नीलूआत्या

•

अ‍ॅशबर्न
रविवार, २९ ऑक्टोबर २०२३

ती. नीलूआत्यास,
नमस्कार, आणि आधीच क्षमा.

हे तिसरं पत्र. दोन फाडली. बाबा म्हणाले कळवू नकोस, झालं ते झालं. आई म्हणाली कळव, नीलूताईंना अंधारात ठेवलेलं आवडत नाही. मी आईचं ऐकलं.

निकाल तुला माहीतच आहे. पीपल्स पार्टी पुन्हा पहिली, अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. आधी सरकारी खात्याच्या बेरजेत चूक झाली होती आणि आकडा जास्त सांगितला गेला, मग दुरुस्त केला. ती चूक वाचून मला वाटलं, आपण आत्याचंही मत नीट मोजून पाहावं. म्हणून तुमच्या सरकारची मतदारांसाठीची माहिती इंग्लिशमध्ये शोधून वाचली.

आत्या, तुमच्याकडे मत आधी यादीला जातं आणि मग माणसाला. वाल्टरचं नाव दोनदा लिहिलंस ती दोन्ही मतं पक्षाच्या खात्यात धरली जातात. आणि वर पक्षाचं नाव छापलेला कागद असेल, तर त्यावरच्या कोऱ्या ओळीसुद्धा त्याच पक्षाच्या. तू चार ओळी कोऱ्या ठेवल्यास. म्हणजे सहाच्या सहा मतं त्यांना गेली. पक्षाचं नाव नसलेल्या कोऱ्या पानावर वाल्टरचं नाव लिहून बाकी दुसऱ्या कुणाची नावं लिहिली असतीस तर गोष्ट वेगळी होती. वाल्टर स्वतः निवडून आलेला नाही. त्याच्या नावाने जमलेली मतं घेऊन त्याच्या वरचे लोक संसदेत गेले.

मला राग आलेला नाही, हे खरं मान. पण घरातलं एकच मत होतं, आणि ते अशा लोकांना गेलं ज्यांना माझ्यासारखा येऊ नये असं वाटतं, हे डोक्यातून जात नाही. आबांचं वाक्य बाबांनीच पाठवलं होतं. आईने त्यांना सांगितलं की मामंजींच्या वेळी नागपुरात अशी सहा ओळींची भानगड नव्हती, त्यांचा काय दोष. बाबा म्हणाले, दोष आबांचा नाहीच.

माझ्यासाठी तू जे निमंत्रणाचं पत्र देणार होतीस, ते देशील ना? विचारायला लाज वाटते.

रागावलीस तर पूर्ण रागाव, पण लोभ अर्धा करू नकोस.

तुझा,
ईशान

•

१७ नोव्हेंबर २०२३

चि. ईशानला,
आशीर्वाद. राग होता, तो आता नाही.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझाच राग आला. कुणी विचारलं होतं तुला मोजायला? मग बूट घातले आणि सरळ गोठ्यात गेले. वाल्टर गाईंना चारा घालत होता. मी विचारलं, माझ्या कोऱ्या ओळी कुणाला गेल्या. त्याने हात पुसले आणि म्हणाला, पक्षाला, दुसरं कुणाला जाणार. कागद कसा भरला ते मीच त्याला तेव्हा सांगितलं होतं, आणि त्याला वाटलं होतं मला माहीत आहे. नीलूने पूर्ण यादी दिली म्हणून त्याने बायकोला कौतुकाने सांगितलंही होतं. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मग मी तुझं सांगितलं. एकवीस वर्षांचा होणार, जर्मन शिकायला येणार, आणि तुझा पक्ष म्हणतो नको. तो फार मनापासून म्हणाला, की ते तुमच्याबद्दल नाही. तुम्ही कष्ट करता, वेळ पाळता, कचरा वेगळा करता, तू तर आमचीच झालीस. आम्ही बोलतो ते इतरांबद्दल. मी मान हलवली आणि परत आले. रस्ता ओलांडताना आठवलं, आम्ही या गावात आलो त्या वर्षी बसथांब्यावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. तेव्हा इतर म्हणजे मीच होते, आणि वाल्टरसुद्धा तेव्हा दुसऱ्या बाजूला उभा राहायचा.

पण तुला एक खरं सांगते, इतर कुणाला सांगू नकोस. त्यांचं बोलणं मला सगळंच चूक वाटत नाही. तळ्यापर्यंत इमारती आल्या. संध्याकाळच्या गाडीला बसायला जागा नसते. माझ्या बरोबरीच्या बाईला भाडं परवडेना, ती लांब गेली. मी स्वतः म्हटलं आहे, की माणसं फार झाली. म्हणताना मी स्वतःला त्यात धरलं नव्हतं. तुलाही नाही.

निमंत्रणाचं पत्र त्याच दिवशी लिहिलं. शाळेचा प्रवेश, माझ्या पगाराचे कागद, खोलीचं माप, सगळं कँटनच्या कचेरीत दिलं आहे. खिडकीतली मुलगी चांगलं बोलली. केदारच्या कपाटातला एक कप्पा तुझ्यासाठी रिकामा केला. त्याचा लोकरीचा स्वेटर ठेवला आहे, तुला सैल होईल.

मी चुकले, पण मी तुझीच आहे, एवढं धरून ठेव.

नीलूआत्या

•

अ‍ॅशबर्न
शनिवार, १६ डिसेंबर २०२३

ती. नीलूआत्यास,
नमस्कार. आईचा आणि आन्याचाही.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. तू कुणाला सांगू नकोस म्हणालीस ते वाक्य मी गाळलं. पण वाल्टरच्या ‘इतरांबद्दल’ या शब्दाला आलो तेव्हा आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पानावरचा भात गोल गोल फिरवला.

कारण असं, की आमच्या शेजारचे डेल नावाचे गृहस्थ मागच्या महिन्यात बाबांना अगदी हेच म्हणाले होते. इथेही बाहेरच्यांना थांबवायला हवं असं त्यांचं मत आहे, पण तुमच्यासारखे लोक हवेतच, असं म्हणून त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा तीन दिवस खुशीत होते. नागपूरच्या जुन्या शेजारी यामिनीकाकूंनाही फोन करून सांगितलं. आणि बातम्यांत सीमेवरून चालत येणारी माणसं दिसली की बाबा म्हणतात, आम्ही रांगेत उभे आहोत आणि हे मधे घुसतात. मी आजवर त्यावर काही बोललो नाही. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांनी बातम्या लावल्या नाहीत. गाडी धुवायला घेतली, डिसेंबरात.

आन्याला हे सगळं समजलं आहे. तिने मला इंग्लिशमध्ये विचारलं की तिला राहता येतं आणि मला का नाही. मी सांगितलं, तू रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात जन्मलीस म्हणून. ती म्हणाली की सोमवार ते बुधवार तिचा पासपोर्ट मी वापरावा. गुरुवारी मात्र तिला लागेल, कारण गुरुवारी लायब्ररी असते.

दुसरा रस्ता आहे. त्याच कॉलेजात परदेशी विद्यार्थी म्हणून नाव घालायचं. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. पण आत्या, त्या वर्गात बसलं की माझा श्वास अडकायचा, म्हणून तर सोडलं. दर सत्राला कागद आणि दर कागदाला भीती, हे मला पुन्हा जमणार नाही. मला एक वर्ष अशा घरात राहायचं आहे जिथे सकाळी दूध येतं आणि माणसं नमस्कार करतात. पत्रपेटी मी दिवसातून पुन्हा पुन्हा उघडतो. आमचा पोस्टमन मला ओळखायला लागला आहे.

वाल्टरचं दूध बंद केलं नाहीस ना? करू नकोस.

थंडीत जप, आणि या घराचा लोभ अंगावर पांघरून घे.

तुझा,
ईशान

•

२१ जानेवारी २०२४

चि. ईशानला,
आशीर्वाद.

कँटनचं अजून काही नाही. फोन केला तर सांगतात की विचार चालू आहे.

मंगळवारी वाल्टर आला. बगलेत सह्यांचे कागद होते. त्याच्या पक्षाने नवी मागणी काढली आहे, की देशाची लोकसंख्या एक कोटीच्या पुढे जाऊ द्यायची नाही. पुरेशा सह्या जमल्या की सगळ्या देशाने त्यावर मत द्यायचं. गावातल्या नागरिकांच्या सह्या तो घरोघर जाऊन घेतो आहे, आणि आता मीही नागरिक. चहा ठेवला, चिवडा काढला. त्याने पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं.

या वेळी मी चष्मा लावला. त्या कागदावरचं प्रत्येक वाक्य वाचलं, मागचं बारीक अक्षरातलंसुद्धा, शब्दकोश घेऊन. तुझी लागण झाली मला. तो बिचारा बसून राहिला, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. दोनदा म्हणाला की एवढं काही नाही त्यात. शेवटी मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हटलं, मला नाही करता येणार. ज्यांना मोजून थांबवायचं त्यांत माझा भाचा आहे. तो म्हणाला, त्याच्या हातात असतं तर त्याने ईशानला नक्की आत सोडलं असतं. मी म्हटलं, विश्वास आहे माझा, पण ते लिहायला या कागदावर ओळ नाही.

त्याने टोपी घातली, चहा छान होता म्हणाला, आणि गेला. मी दार लावून तिथेच उभी राहिले. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाला मी नाही म्हटलं होतं, रे. केदारच्या फोटोकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी दूध आलं. रोज तो दारापर्यंत येतो, बेल वाजवतो, हवेबद्दल एक वाक्य बोलतो. आता किटली फाटकाच्या खांबावर असते. बेल वाजत नाही. मी बर्फातून खाली जाते आणि आणते. दूध तेवढंच असतं, थोडं जास्तच असतं.

राजूला म्हणावं, माणूस बघून मत दिलं आणि कागद बघून सही नाकारली, आता दोन्हीकडून थकले. काही कळलं की लगेच कळवते.

जवळ असतास तर लिहावं लागलं नसतं, लांब आहेस म्हणून लिहून माया करते.

नीलूआत्या

•

अ‍ॅशबर्न
रविवार, २५ फेब्रुवारी २०२४
सकाळचे आठ, सामान बांधत होतो

ती. नीलूआत्यास,
वाकून नमस्कार. यापुढचा पत्ता वेगळा असेल.

कचेरीचं पत्र तुलाही आलंच आहे. तू फोनवर नुसती रडलीस, म्हणून आता मीच लिहितो. नकाराचं कारण एवढंच, की वर्षाचा अभ्यास संपल्यावर मी परत जाईन याची त्यांना खात्री वाटत नाही. बाबांनी ते भाषांतर पुन्हा पुन्हा वाचलं आणि विचारलं, परत म्हणजे कुठे? खिडकीतल्या त्या मुलीचा काही दोष नसेल. मी शोधून पाहिलं, हा नियम ऑक्टोबरच्या निवडणुकीच्या किती तरी आधीचा आहे. तुझ्या सहा ओळी नसत्या तरी हेच उत्तर आलं असतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मी तपासलं आहे.

मी नागपूरला जातो. ८ मार्चचं विमान आहे, वाढदिवसाच्या आधी. दहाव्या वर्षी निघालो होतो, त्यामुळे मला रस्ते आठवत नाहीत, फक्त शाळेच्या रिक्षाचा वास आठवतो. बाबांच्या जुन्या मित्रांनी, त्र्यंबककाकांनी, त्यांच्याकडे खोली दिली आहे आणि बाहेरून परीक्षा देऊन पदवी पुरी करता येईल असं चौकशी करून ठेवलं आहे. आई बॅगेत काय घालायचं यावरून भांडते आणि घातलेलं पुन्हा बाहेर काढते. आन्याने मला तिच्या खोलीची किल्ली दिली. खोलीला कुलूप नाहीये. आज शाळेत मुलांचा निरोप घेईन. ‘ळ’ सगळ्यांना आला आहे, एक श्रीराम सोडून.

त्र्यंबककाका म्हणाले की आल्याबरोबर फोटो आणि पत्त्याचा पुरावा दे, मतदार यादीत नाव घालून टाकू, निवडणूक तोंडावर आहे. मी तर हे मनातही आणलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. बाबा उत्साहाने मला काहीतरी सांगायला वळले. पक्ष, एवढंच म्हणाले आणि थांबले. मग मला म्हणाले, तू सगळं वाचून घेतोस, तूच ठरव. आणि इस्त्रीला आणखी कपडे आहेत का विचारत आत गेले.

आत्या, एक काम कर. खांबावरची किटली घेऊन नुसती परत येऊ नकोस. एक दिवस चिवडा घेऊन तूच वाल्टरची बेल वाजव. सही देऊ नकोस. हवेबद्दल एक वाक्य बोल. तू त्याच्याशी बोलायचं थांबलीस तर त्या गावात तुझ्याशिवाय माझं नाव माहीत असलेला एकही माणूस उरणार नाही.

केदारकाकांचा स्वेटर कपाटातच राहू दे. नागपुरात आता उन्हाळा आहे, तो लागणार नाही.

निघताना आपल्या घराचा हिशेब लिहून ठेवला आहे. खर्च झालं: एक मत, सहाही ओळी. न दिलेली: एक सही. येणं: माझं मत, नाव यादीत चढलं तर, आणि आन्याचं, २०३२ साली. देणं: वाल्टरला एक भेट, ती तू द्यायची. आणि तुला एक भेट, ती माझ्याकडे बाकी आहे.

तुझा,
ईशान